संगणकशास्त्रात संशोधन करायचंय? गेटच्या स्कोरआधी एक पेपर मोडून बघा

"मॅडम, गेटला स्कोर बरा आलाय. एमटेक घेऊ की थेट पीएचडी?" मार्चमध्ये गेट या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की असे फोन सुरू होतात. सांगलीहून, लातूरहून, कधी हिंजवडीतल्या कंपनीच्या जिन्यात उभं राहून दबक्या आवाजात. मी उलट विचारते, "एखादा संशोधन-पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलायस का?" पलीकडे शांतता. मग, "मॅडम, बीईच्या प्रोजेक्टला लिटरेचर सर्व्हे केला होता की."

तो सर्व्हे कसा होतो ते मला ठाऊक आहे, कारण मीही तसाच केला होता. पंधरा पेपरांचे सारांश, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट, जरा शब्द फिरवून कोष्टकात टाकायचे. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातून बीई, दोन वर्षं नोकरी, मग एमटेक, मग पीएचडी असा माझा रस्ता झाला आणि आता मी शिकवते. या रस्त्यावर जे उशिरा कळलं ते इथे लिहिते आहे. नुसती डिग्री आणि तिच्यामागचं पॅकेज हवं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तो रस्ता वेगळा.

पायरी पहिली: एक पेपर मोडून बघा

संशोधन आवडेल का, हे विचार करून कळत नाही. नोकरीत काय बनवायचं ते कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते बनू शकतं याची खात्री असते. संशोधनात दोन्ही नसतं. आठ-आठ दिवस हाती काही लागत नाही, आणि त्या आठ दिवसांत तुमची चिडचिड होते की कुतूहल वाढतं, यावर पुढची पाच-सहा वर्षं अवलंबून असतात. ही परीक्षा घरबसल्या देता येते.

गेल्या दोन-तीन वर्षांतला, एखाद्या चांगल्या परिषदेतला असा पेपर निवडा ज्याचा कोड आणि डेटा दोन्ही खुले आहेत आणि जो तुमच्या लॅपटॉपवर किंवा गूगलच्या कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर, म्हणजे वेगवान गणनेच्या चिपवर, चालू शकेल. त्यातलं एकच कोष्टक घ्या, कोष्टकातली एकच ओळ. लेखकांचा कोड न बघता, फक्त पेपर वाचून तो आकडा स्वतः काढायचा प्रयत्न करा. रोज संध्याकाळचे दोन तास, चार आठवडे. सिद्धांताची ओढ असेल तर एक प्रमेय घ्या, सिद्धता एकदा वाचा, पेपर मिटा आणि कोऱ्या कागदावर ती पुन्हा उभी करा. अडाल तिथे पान उघडा, पण कुठे अडलात ते आधी लिहून ठेवा.

वही करा. साधी, तारीख टाकलेली. आज काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. या तीन ओळी.

एमटेकच्या पहिल्या सत्रात गाइडनी मला असाच एक पेपर दिला. वाक्यांचं वर्गीकरण करणारी पद्धत होती. माझा आकडा त्यांच्यापेक्षा चार टक्क्यांनी कमी यायचा. तीन आठवडे मी माझीच चूक शोधत बसले. मग वैतागून डेटाच उघडला आणि ओळी क्रमाने लावून डोळ्यांनी वाचायला लागले. रात्री दीडच्या सुमाराला दिसलं की चाचणीच्या फाइलमधली कित्येक वाक्यं जशीच्या तशी प्रशिक्षणाच्या फाइलमध्येही होती, म्हणजे परीक्षेतले प्रश्न आधीच दाखवलेले. मी सुरुवातीलाच दुहेरी ओळी काढून टाकल्या होत्या, म्हणून माझा आकडा कमी. पेपरात याचा उल्लेखही नव्हता. त्या रात्री झोप आली नाही, आणि ती काळजीने नव्हे. असं काहीतरी तुमच्या बाबतीत घडतंय का ते बघा. चार आठवड्यांनी "कधी संपतंय हे" एवढंच वाटत असेल, तर वर्षं आणि पैसे दोन्ही वाचले म्हणायचं.

पायरी दुसरी: पाया

इथे फार वेळ घालवत नाही. विविक्त गणित, संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अल्गोरिदम हे चार विषय पक्के हवेत, मग क्षेत्र कोणतंही असो. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कंपायलर यातला एक तरी विषय प्रत्यक्ष कोड लिहून शिकलेला हवा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम फुकट आहेत. बघू नका, सोडवा. असाइनमेंट न करता पाहिलेला व्हिडिओ म्हणजे पोहण्याच्या तलावाकाठी बसून आल्यासारखं.

एक सावधगिरी. गेटची तयारी केली की पाया झाला असं वाटतं. गेट योग्य उत्तर ओळखायला शिकवतं, सिद्धता लिहायला नाही. म्हणून आठवड्याला एक सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याला कळली नाही तर ती तुम्हालाही कळलेली नाही. सोबत पेपर लिहायचं लेटेक आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं गिट शिकून घ्या, आठवडाभराचं काम आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. पेपरांतलं इंग्रजी ठरावीक शब्दांत फिरत असतं. रोज अर्धं पान लिहिलं की वर्षभरात हात बसतो.

पायरी तिसरी: दार कोणतं

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. आयआयटीतला नेहमीचा एमटेक दोन वर्षांचा. पहिलं वर्ष बरंचसं कोर्सेसमध्ये जातं, दुसऱ्या वर्षी प्रकल्प सुरू होतो न होतो तोच कॅम्पस प्लेसमेंट येऊन ठेपते. संशोधनासाठी हाताशी उरतात जेमतेम आठ-नऊ महिने. 'एमएस बाय रिसर्च' मध्ये कोर्सेस कमी आणि प्रबंध मोठा. आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई, ट्रिपल-आयटी हैदराबाद इथे तो आहे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत त्याच धर्तीचा एमटेक रिसर्च. संशोधनाकडे कल आहे पण पीएचडीची छाती होत नाही, अशांना मी डोळे झाकून हाच सांगते. अडीच-तीन वर्षं लागतात, घरी "मित्राचा एमटेक संपला, तुझा कसा नाही" असं ऐकावं लागतं, पण हातात खरा अनुभव पडतो. बीईनंतर थेट पीएचडीही अनेक संस्थांत होते. पायरी पहिली मनापासून पार केलेल्यांनीच तिकडे जावं.

परीक्षांचं म्हणाल तर गेट हे सगळ्यात रुंद दार. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास, आणि स्कोर ३ वर्षं चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही सुरू झाला आहे. पण गेटच्या पलीकडची दारं आपल्याकडच्या मुलांना माहीतच नसतात, आणि सिद्धांताकडे ओढा असणाऱ्यांसाठी खरी दारं तीच. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. देशात घडवलेला टिफ्रॅक संगणक १९६० साली चालू करणारी हीच संस्था. तिथे संगणकशास्त्राची पीएचडी आहे, बीई झालेल्यांनाही अर्ज करता येतो आणि प्रवेशपरीक्षा साधारण डिसेंबरात असते. चेन्नईत सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस), कोलकात्यात आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था). यांच्या प्रवेशाच्या वाटा वेगळ्या, प्रश्न गणिती आणि काही ठिकाणी लिहून सोडवायचे. एखादी जुनी प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. सोडवता नाही आली तरी सोडवताना मजा आली का, ते बघा.

मुलाखतीबद्दल एकच. तिथे "तुमचा आवडता विषय कोणता" असं विचारतात आणि मुलं "मशीन लर्निंग" म्हणतात. मग पुढचा प्रश्न संभाव्यतेतला येतो आणि गाडी रुळावरून घसरते. ज्या विषयात तासभर खोदून विचारलं तरी चालेल तोच विषय सांगा, भले तो ग्राफ थिअरीतलं एकच प्रकरण असो. उत्तर येत नसेल तर मोठ्याने विचार करा. समोरचे लोक तुमचं उत्तर कमी आणि अडल्यावर तुम्ही काय करता ते जास्त बघत असतात.

राज्यातल्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्यांनी यूजीसीचे २०२२ चे नियम वाचावेत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्यांना थेट पीएचडीला पात्रता आहे, मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, आणि प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती त्या नियमांत उरलेली नाही. म्हणून पेपर छापू नये असं नाही. त्याबद्दल पुढे येतेच.

पायरी चौथी: संस्था नको, माणूस निवडा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बीईला आपण कॉलेजचं नाव बघतो, कारण तिथे नावाला किंमत आहे. संशोधनात तुम्ही कुणाच्या हाताखाली आणि कोणत्या प्रश्नावर काम केलं याला किंमत आहे. नामांकित संस्थेत, महिन्यातून एकदा दहा मिनिटं भेटणाऱ्या गाइडकडे पाच वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत. कमी नावाजलेल्या जागी दर मंगळवारी दीड तास फळ्यापाशी उभं राहणाऱ्या गाइडकडून तयार झालेलेही पाहिलेत.

आयआयटी कानपूरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. ऑगस्ट २००२ मध्ये मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की एखादी संख्या मूळ (प्राइम) आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्या लांबलचक झाली तरी वेळ भरमसाट न वाढता, आणि नशिबावर काहीही न सोडता, ठरवता येतं. शतकानुशतकांचा प्रश्न, आणि कयाल व सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झालेले. पुढे २००६ साली या कामाला सैद्धांतिक संगणकशास्त्रातलं गोडेल पारितोषिक मिळालं. आपण ऐकतो ते एवढंच: दोन हुशार मुलांनी जग जिंकलं. उरलेली अर्धी गोष्ट अशी की अग्रवाल आणि सोमनाथ विश्वास यांनी त्या दिशेची मूळ कल्पना १९९९ मध्येच मांडली होती. आदल्या वर्षीच्या बीटेक विद्यार्थ्यांनी त्यातला एक तुकडा प्रकल्प म्हणून तपासला होता, आणि कयाल-सक्सेनांच्या स्वतःच्या बीटेक प्रकल्पाचा विषयही तोच होता. म्हणजे प्रश्न वर्षानुवर्षं चुलीवर होता, गाइड तो ढवळत होता, आणि ही दोघं नेमक्या वेळी तिथे येऊन बसली. त्यांची बुद्धी वादातीत. पण पातेलं आधीपासून उकळत होतं.

असं पातेलं शोधायचं कसं?

डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या पेपरांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावर प्राध्यापकाचं नाव टाका. गेल्या पाच वर्षांचे पेपर वर्षवार दिसतात. तिथे तीन गोष्टी बघा. पेपर कोणत्या परिषदांत आहेत. सहलेखकांत त्यांचे विद्यार्थी आहेत का, आणि तेच विद्यार्थी पुन्हा पुन्हा दिसतात का. आणि एकाच प्रश्नाभोवती काम चाललंय की वाऱ्याबरोबर विषय बदलतात. इथे एक फसवणारी बाब आहे. मशीन लर्निंग किंवा सिस्टिम्समध्ये पहिलं नाव बहुधा ज्याने मुख्य काम केलं त्याचं असतं, पण सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. तिथे 'झेड'ने सुरू होणारं आडनाव शेवटी दिसलं म्हणून त्या विद्यार्थ्याला कमी लेखू नका.

मग त्यांच्या वेबपेजवरून जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढा. किती वर्षांत झाले, आता कुठे आहेत, मध्येच सोडून गेलेले किती. यादीच नसेल तर तीही एक माहितीच. त्यांच्यापैकी दोघांना लिहा, आणि "सर कसे आहेत" असं मोघम विचारू नका. आठवड्यात किती वेळा भेट होते? ड्राफ्टवर शेरे किती दिवसांत येतात? पेपर नाकारला गेल्यावर सर काय म्हणाले? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जो वेळ घेतो त्याच्याशी फोनवर बोला.

आता प्राध्यापकांना लिहायचा ईमेल. माझ्याकडे आठवड्याला पाच-सहा येतात आणि बहुतेक सगळे एकाच साच्यातले: "रिस्पेक्टेड सर, मला आपल्या कामाबद्दल अत्यंत आस्था आहे." मी सर नाही, हे वेबपेजवरच्या फोटोतही दिसतं. उत्तर ज्याला दिलं तो ईमेल इंग्रजीत होता, पण आशय असा: "तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरातली दुसरी पद्धत मी मराठी डेटावर चालवून पाहिली. लहान वाक्यांवर ती चालते, पंधरा शब्दांच्या पुढे ढासळते. कोड या दुव्यावर आहे. मला वाटतं कारण अमुक असावं, पण खात्री नाही. तुमच्या गटात उन्हाळ्यात दोन महिने काम करता येईल का?" आठ ओळी. त्याने दिलेलं कारण चुकलेलं होतं, पण ते महत्त्वाचं नव्हतं. पायरी पहिलीची वही इथे अशी कामी येते.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी विज्ञान अकादमींची संयुक्त ग्रीष्म फेलोशिप आहे, अनेक आयआयटींच्याही योजना आहेत, आणि बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये पदवीनंतर एक-दोन वर्षांसाठी रिसर्च फेलो घेतात. हा शेवटचा मार्ग नोकरीतून संशोधनाकडे वळणाऱ्यांना फार सोयीचा.

पायरी पाचवी: प्रश्न लहान करा

प्रवेश झाला. आता पहिलं वर्ष कोर्सेस, टीएशिप, म्हणजे आठवड्याला साधारण ८ तास उत्तरपत्रिका तपासणं आणि लॅब सांभाळणं, आणि पीएचडीला असाल तर वर्ष-दीड वर्षात क्वालिफायर ही पात्रता-परीक्षा. यात बुडून जायला होतं. कोर्सेस चार-पाचच घ्या आणि त्यातला एक तरी आपल्या क्षेत्राबाहेरचा घ्या.

खरं शिक्षण सुरू होतं ते प्रश्न निवडताना. नवा विद्यार्थी नेहमी मोठा प्रश्न घेऊन येतो. एक मुलगी माझ्याकडे आली, म्हणाली, "मला मराठीसाठी चांगलं भाषांतर यंत्र बनवायचंय." मी म्हटलं, हा प्रश्न नाही, हे स्वप्न आहे. आम्ही फळ्यापाशी गेलो आणि एक शब्द लिहिला: घरातल्यांना.

एक शब्द. इंग्रजीत त्याला चार-पाच शब्द लागतात. 'घर'चं सामान्यरूप 'घरा', त्यावर 'त', त्यावर 'ल्या', मग अनुस्वार, मग 'ना'. संगणकाच्या दृष्टीने यात ११ युनिकोड चिन्हं, आणि मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण ३३. भाषा-मॉडेलं शब्द जसाच्या तसा घेत नाहीत, वारंवार शेजारी येणाऱ्या अक्षरगटांचे तुकडे करून घेतात. ते तुकडे ठरवणारा मजकूर प्रामुख्याने इंग्रजी असेल तर मराठी शब्दाचा चुरा होतो. मग आम्ही प्रश्न कापत गेलो. प्रत्यय आधी सुटे केले तर भाषांतर सुधारेल का? अजून मोठा. कोणते प्रत्यय? फक्त विभक्तीचे घेऊ. ती म्हणाली, "सोपं आहे मॅडम, शेवटी 'ला', 'ने', 'त' असेल तर तोडायचं." फळ्यावर मी तीन शब्द लिहिले: चांगला, महिने, भात. चांग-ला, महि-ने, भा-त. ती हसली, आणि त्या हसण्यातून प्रबंधाचं पहिलं प्रकरण निघालं: नुसत्या शेवटावरून प्रत्यय ओळखला तर किती वेळा चुकतं, आणि त्या चुका पुढे भाषांतरात दिसतात की मॉडेल त्या पचवून टाकतं?

आता हा प्रश्न झाला. एक डेटासेट, एकाच आकाराचं मॉडेल, तुकड्यांच्या यादीचे तीन आकार, तोडलेलं विरुद्ध न तोडलेलं, प्रत्येक प्रयोग पाच वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिक सुरुवात बदलून पाच वेळा. उत्तर 'हो' आलं तरी काही कळतं आणि 'नाही' आलं तरी कळतं. चांगल्या प्रश्नाची हीच खूण: दोन्हीकडून काहीतरी हाती लागलं पाहिजे. "माझी पद्धत सर्वांत चांगली येईल" असा प्रश्न घेतलात आणि ती चांगली आली नाही, तर सहा महिने पाण्यात.

वाचनाबद्दल थोडक्यात. रोज एक पेपर पूर्ण वाचायचा नेम करू नका, दोन आठवड्यांत मोडतो. दहा पेपरांची प्रस्तावना आणि मुख्य आकृती बघा, त्यातले दोन नीट वाचा, एक मोडा. आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: यांनी काय गृहीत धरलंय जे माझ्या भाषेत, माझ्या डेटात, माझ्या यंत्रावर खरं नसेल?

पायरी सहावी: पहिला पेपर, पहिला नकार

संगणकशास्त्र बाकी विज्ञानांपेक्षा इथे वेगळं आहे. आपल्याकडे महत्त्वाचं काम आधी परिषदांत येतं, जर्नलमध्ये बऱ्याचदा नंतर. सिद्धांतासाठी स्टॉक आणि फॉक्स, भाषेसाठी एसीएल, मशीन लर्निंगसाठी न्यूरिप्स आणि आयसीएलआर, सिस्टिम्ससाठी ओएसडीआय आणि एसओएसपी. भारतात १९८१ पासून दर डिसेंबरात एफएसटीटीसीएस भरते. सैद्धांतिक काम जवळून बघायचं असेल तर पेपर नसतानाही जा. दुपारच्या चहाला जे ऐकू येतं ते कुठल्याच व्हिडिओत नसतं.

पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलांपासून मात्र लांब राहा. बीईच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडून प्रोजेक्टचा असा पेपर छापून घेतला होता. गटातल्या चौघांनी वर्गणी काढली, प्रमाणपत्र लॅमिनेट करून फाइलला लावलं. पुढे एका मुलाखतीत समोरच्यांनी बायोडेटातल्या त्या ओळीवर बोट ठेवून "याचं परीक्षण कुणी केलं?" असं विचारलं तेव्हा माझे कान लाल झाले. ती ओळ मी त्याच रात्री काढली. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही काढा.

लिहिण्याआधी एक सोपा अभ्यास. आयसीएलआरला आलेल्या पेपरांची परीक्षणं, नाकारलेल्यांचीसुद्धा, ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतात. आपल्या विषयातले पाच नाकारलेले पेपर घ्या, आधी स्वतः परीक्षण लिहा, मग त्यांचं वाचा. रिव्ह्यूअर कशाला चिडतात ते तिथे उघड दिसतं: तुलना अर्धवट, दावा मोठा आणि पुरावा लहान, मर्यादांचा परिच्छेद उरकल्यासारखा.

डेडलाइनच्या चार आठवडे आधी पूर्ण ड्राफ्ट तयार हवा. कच्चा चालेल, पण पूर्ण. न्यूरिप्ससारख्या ठिकाणी साधारण चारातला एक पेपर स्वीकारला जातो, म्हणजे नकार ही नेहमीची बाब आहे, अपवाद नाही. नकार आल्यावर परीक्षण एकदा वाचा, दोन दिवस बंद ठेवा, तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुद्द्यापुढे 'बरोबर', 'चूक' किंवा 'मी नीट लिहिलं नाही' असं लिहा. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त मुद्दे जातात, माझ्या तरी जातात. स्वीकार झाला आणि परदेशी जायचा खर्च परवडत नसेल तर संस्थेचा निधी आहेच, शिवाय एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संघटनांची विद्यार्थ्यांसाठी प्रवासखर्चाची योजना आहे.

परदेशात जायचं असेल तर

'एमएस' म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र: अमेरिका, कर्ज, नोकरी. संशोधनाची पायरी म्हणून तिकडचा एमएस घेणार असाल तर जपून. तिथले बहुतेक एमएस कोर्सेसचे आणि स्वखर्चाचे असतात. उलट पीएचडीला साधारणपणे शुल्क माफ आणि वर विद्यावेतन मिळतं, आणि बीईनंतर थेट अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उत्तर द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल. कॅनडात विद्यावेतनासह प्रबंधाचा मास्टर्स मिळू शकतो, तो आपल्या 'एमएस बाय रिसर्च'च्या जवळचा. युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएचडी ही जाहिरात देऊन भरलेली नोकरी असते आणि आधी मास्टर्स मागतात.

सगळ्यांत मोठी अडचण शिफारसपत्रांची. तीन लागतात. आपल्या कॉलेजांत "तूच लिहून आण, मी सही करतो" ही रीत आहे. असं पत्र वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत ओळखू येतं, कारण त्यात 'कष्टाळू' आणि 'नम्र' असतं, पण विद्यार्थ्याने नेमकं काय केलं ते नसतं. एक तरी पत्र अशा माणसाचं हवं ज्याने तुम्हाला अडताना आणि सुटताना पाहिलंय. त्यासाठीच पायरी चौथीतला तो उन्हाळा. ज्यांना पत्र मागाल त्यांना महिनाभर आधी एक पान द्या: कोणतं काम एकत्र केलं, कुठे चुकलं, कसं सुधारलं. त्यांचं काम सोपं होतं आणि पत्र तुमचं होतं.

पैसा आणि घर

गेटवरून आलेल्या एमटेकच्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. हॉस्टेल आणि मेस भागते, घरी पाठवायला फारसं उरत नाही. पीएचडीची केंद्रीय फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. नियम आणि जाहिरातींच्या तारखा दरवर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

नोकरी सोडून येणाऱ्यांनी एक वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवूनच यावं. गृहकर्ज चालू असेल तर ते आधी मिटवा, किंवा नोकरी सांभाळून करता येणाऱ्या एक्स्टर्नल पीएचडीकडे बघा. तिथे वेळ दीडपट लागतो हे गृहीत धरा.

मुलींना आणखी एक प्रश्न पडतो, त्यांना नाही, त्यांच्या घरच्यांना. माझ्या आजीने विचारलं होतं, "अजून किती इयत्ता राहिल्या?" आईला मात्र मी लॅबमध्ये घेऊन गेले, सर्व्हरची खोली दाखवली, माझ्या टेबलावरच्या वहीत तारखा दाखवल्या. त्यानंतर लग्नाच्या मध्यस्थांना तीच सांगायची, "ती कामाला आहे." विद्यार्थिनी नव्हे, कामाला. शब्द बदलला आणि बरेच प्रश्न मिटले.

तिसऱ्या वर्षी बहुतेकांचं मन उडतं. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करून बघा: प्रश्न मेलाय की गाइडशी जमत नाही. प्रश्न मेला असेल तर वार्षिक प्रगती-समितीसमोर स्पष्ट सांगा आणि बदला, ती समिती त्यासाठीच असते. गाइडशी जमत नसेल तर समितीतल्या दुसऱ्या सदस्याकडे लवकर जा, चौथ्या वर्षापर्यंत थांबू नका. मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती घेतलेले माझे दोन मित्र आज उत्तम काम करतायत.

शेवटचं वर्ष

प्रबंध हा आधीच्या पेपरांना शिवलेली गोधडी असतो, पण टाके दिसू नयेत. त्याला चार महिने धरा. त्याच वर्षी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनपद, प्राध्यापकी आणि उद्योगातल्या संशोधन-लॅब या तिन्हींचे अर्ज सुरू करावे लागतात, आणि त्यांना अशी पत्रं लागतात जी तुमच्या संस्थेबाहेरच्या लोकांनी लिहिलेली असतील. बाहेरचा माणूस तुम्हाला ओळखणार कधी? तुमचा पेपर त्याने ऐकला असेल तर, त्याच्या पेपरातली चूक तुम्ही सभ्यपणे ईमेलने दाखवली असेल तर. म्हणून दुसऱ्या वर्षापासून एक फाइल ठेवा: कोणत्या परिषदेत कोण भेटलं, काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलं होतं. आणि ते पाठवा. माझ्या फाइलमध्ये अजून तीन नावांपुढे 'कोड पाठवायचाय' असं लिहिलेलं आहे, त्यातलं एक २०१९ चं.